उसवलेली अकरा नावं

"शांत राहा! आकडा चढतोय!"

बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात त्या सकाळी शे-दीडशे माणसं दाटीवाटीने उभी होती आणि सगळ्यांचे डोळे एका बोटावर खिळले होते. बोट पोस्टमनचं होतं. त्याला ऑक्सिमीटरचा चिमटा लावलेला, चिमट्यासमोर मोबाइलचा कॅमेरा धरलेला, आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर तो आकडा इतका ठळक दिसत होता की मागच्या रांगेतल्या आजोबांनाही चष्मा लागू नये. ब्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. मग एक्क्याण्णव. सत्त्याण्णवला पोचला तेव्हा पोस्टमन ढसाढसा रडायला लागला आणि त्याच्या बायकोने जोरजोरात टाळ्या पिटल्या.

"मी काहीच केलं नाही," फुंकरबाबा डोळे मिटून म्हणाले. "मी फक्त फुंकर घातली. श्वास तुझाच होता, लेकरा. वाट चुकला होता. घरी आला."

हे फुंकरबाबा मला जुने माहीत. दोन वर्षांपूर्वी याच दुकानात ते सोफे विकायचे. "बसून बघा, टेकून बघा, मग बोला," असं म्हणत गिऱ्हाइकाला खांद्याला धरून बसवायचे, आणि एकदा बसलेलं गिऱ्हाईक सहसा उठायचं नाही. आमच्या घरातला कुरकुरणारा सोफा त्यांच्याच फुंकरीचा प्रताप. साथीत दुकान बसलं, त्यांनाही करोना झाला, त्यातून ते उठले, आणि उठले ते अंगावर शाल घेऊनच. सोफे गेले, पण बोलणं तेच राहिलं. "बसा, टेका, श्वास सोडा. शंका बाहेर, श्वास आत."

त्यांच्या खुर्चीमागे भिंतभर हिरवं कापड टांगलेलं होतं. त्यावर पांढऱ्या दोऱ्याने नावं भरलेली, एकाखाली एक, शंभराच्या वर. वर मोठ्या अक्षरांत भरलं होतं: 'दवाखान्यात परत न गेलेले'. बाबांचा सगळा चमत्कार या चार शब्दांत होता. करोना होऊन दवाखान्यातून घरी आलेल्या माणसाने फुंकर घेतली की त्याला पुन्हा भरती व्हावं लागत नाही. आणि जो परत गेला, त्याच्याबद्दल बाबा आवाज खाली आणून सांगायचे, "पहिल्यांदा गेलेला चालत येतो. दुसऱ्यांदा गेलेल्याला आणावं लागतं."

हे वाक्य ऐकलं की माणसं आपल्या माणसाचा हात घट्ट धरायची.

मी इथे चमत्कार बघायला आलो नव्हतो. मी माझ्या ताईला शोधत होतो.

आधी माझं काम सांगतो. मी दवाखान्यात नोंदी ठेवतो. करोनाचा पेशंट घरी गेला की आमच्या सिस्टर सातव्या, चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी त्याला फोन करतात आणि मी त्यांच्या शेजारी बसून लिहून घेतो. धाप लागते का? छातीत दुखतं का? पाय सुजलाय का? गोळ्या चालू आहेत का? कुणी पुन्हा भरती झालं तर त्याच्या नावापुढे मी लाल शाईने 'प' लिहितो, परत दाखल. आमच्याकडे शंभरातले आठ-दहा जण असे परत येतात. बाकीचे नव्वद फुंकर घेवोत न घेवोत, घरीच असतात. त्या नव्वदांचं श्रेय एकदा कुणी खिशात घातलं की चमत्कार करायला बाकी काही लागतच नाही.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शिवणकाम करते. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं, माझ्या लग्नाचे कपडे शिवले, आणि पोटाचा घेर वाढेल तशा माझ्या पँटी ढिल्या करत आली. मी चोपन्न वर्षांचा झालो तरी तिच्यासाठी 'छोट्या'च आहे. ती बारा दिवस दवाखान्यात होती. घरी येऊन तिला नऊ दिवस झाले होते. सातव्या दिवशीच्या फोनवर तिने सिस्टरला "मी ठणठणीत आहे" असं सांगितलं होतं, आणि मी शहाण्यासारखं ते तसंच लिहून घेतलं होतं. सख्ख्या बहिणीच्या नावापुढे ठणठणीत लिहिताना मला घरी जाऊन बघावंसंही वाटलं नाही. याची लाज मला आजही वाटते.

त्या सकाळी गेलो तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "फुंकरीला गेल्यात. जिना उतरताना तीनदा बसल्या हो. मी म्हटलं थांबा, पण ऐकतात कुठे."

दुकानात ताई दिसली ती रांगेत पुढून दुसरी. एका पायावर भार देऊन उभी होती. मी गर्दीतून वाट काढत तिच्यापर्यंत पोचलो.

"ताई, घरी चल."

"आलास? बरं झालं. आज तुझ्या डोळ्यांनी बघ." एवढं बोलायला ती दोनदा थांबली. तिचे ओठ निळसर पडले होते.

"पायाला काय झालंय?"

"पोटरी दुखतेय. शिवणयंत्राचा पाय आहे तो, दुखणारच."

"गोळ्या घेतेस ना? रक्त पातळ राहायच्या?"

तिने नजर चुकवली. "चार दिवस झाले सोडून. बाबा म्हणाले, गोळी म्हणजे शंका. शंका पोटात ठेवून फुंकर कशी लागेल?"

पोटरी दुखते, धाप लागते, गोळ्या बंद. फोनवर हे तीन एकत्र ऐकू आले की आमच्या सिस्टर पुढचा प्रश्न विचारत नाहीत, थेट ॲम्ब्युलन्स पाठवतात. मी तिथूनच सिस्टरना फोन लावला. त्या म्हणाल्या, "गाडी निघतेय, वीस मिनिटं लागतील. त्यांना चालवू नका. आणि भांडत बसू नका, त्यांची धाप वाढेल."

वीस मिनिटं. आणि ताई तेवढ्यात पुढच्या स्टुलावर जाऊन बसलीसुद्धा.

बाबांची व्यवस्थापिकाबाई पुढे झाली. तिने ताईचं बोट स्टीलच्या वाडग्यात बुडवलं आणि तोंडाने कसलीशी ओळ पुटपुटत राहिली. "बोट शुद्ध झाल्याशिवाय आकडा खरा येत नाही," बाबा गर्दीला म्हणाले. मग बोट पुसून चिमटा लावला. एकोणऐंशी. गर्दीतून हाय निघाली. बाबांनी ताईचा हात दोन्ही तळव्यांत घेऊन शालीखाली ओढला. "दहा श्वास. खोल. नाकाने आत, ओठांनी हळू बाहेर. बसा, टेका, सोडा." दहा श्वास झाले, बाबांनी बोटावर फुंकर घातली, चिमटा पुन्हा लागला. त्र्याण्णव!

टाळ्यांनी दुकान दणाणलं. ताईने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी चुकलेलं गणित तिने सोडवून दाखवलंय.

मी तिला हाताला धरून कडेच्या खुर्चीत बसवलं, खिशातून वॉर्डातला ऑक्सिमीटर काढला आणि दोन मिनिटांनी तिच्या त्याच बोटाला लावला. सत्त्याऐंशी. दुसऱ्या बोटाला लावला. सत्त्याऐंशी.

"तुझं मशीन दवाखान्याचं आहे," ती धापा टाकत म्हणाली. "ते आजारीच दाखवणार."

आता मात्र माझं डोकं फिरलं. सिस्टरनी भांडू नका म्हटलं होतं ते मी विसरलो, तरातरा पुढे गेलो आणि स्वतःचं बोट त्या वाडग्यात घातलं. पाणी बर्फाचं होतं. हाडापर्यंत कळ गेली. मिनिटभर तसंच धरून मी बोट बाहेर काढलं आणि ओरडलो, "लावा चिमटा! मला कधी करोना झाला नाही. मी आत्ता ताईच्या घरचे तीन जिने चढून आलोय. बघा माझा आकडा!"

टीव्हीवर चौऱ्याऐंशी आला.

"बघा!" मी म्हणालो. "बोट गार पडलं की त्यातलं रक्त आखडतं आणि मशीन चुकीचा आकडा सांगतं. पहिला आकडा खोटा! मग हात गरम करायचा, खोल श्वास घ्यायला लावायचे, की आकडा वर येणारच. दहा मोठे श्वास घेतले तर कुणाचाही घडीभर वर येतो. पाच मिनिटांनी बघा ना, किती राहतोय ते!"

मला वाटलं, संपला खेळ. पण मी सोफे विकणाऱ्या माणसाशी बोलत होतो.

"चौऱ्याऐंशी!" बाबा कळवळून म्हणाले. "लेकरांनो, बघितलंत? दिवसभर दवाखान्यात बसतो बिचारा. आत शिरलाय आणि याला पत्ता नाही." आणि मी काही म्हणायच्या आत त्यांनी माझा हात धरून शालीखाली ओढला. तिथे शेकायची रबरी पिशवी होती, गरमागरम. फुंकर बसली, चिमटा लागला. अठ्ठ्याण्णव! लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. पोस्टमनच्या बायकोने तर मला हात जोडले. जन्मात माझं एवढं कौतुक झालं नव्हतं.

मी पिशवी शालीतून ओढून काढली आणि सगळ्यांना दाखवली.

"म्हाताऱ्या गुडघ्यांना शेक लागतो रे बाबांनो," ते हसत म्हणाले. सगळं दुकान त्यांच्याबरोबर हसलं.

फोन करून सात मिनिटं झाली होती. मागे वळून बघितलं तर ताई खुर्चीत पुढे वाकून बसली होती, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वरखाली होत होते. मी तिच्यापाशी जाऊन जमिनीवर बसलो. आता वाद घालायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी घाबरलो होतो, अगदी आई गेली त्या दिवसासारखा.

"गाडी येतेय ताई. माझ्यासाठी चल."

"नको छोट्या. दुसऱ्यांदा गेलेलं… कुणी आलंय का?"

आमच्या नोंदवहीत लाल 'प' लागलेल्या बहुतेकांच्या शेवटच्या रकान्यात 'घरी' लिहिलेलं आहे. पण नावं सांगायला मला तोंड नव्हतं. वहीतलं नाव बाहेर काढायचं नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. नावाशिवाय सांगितलेल्या आकड्यावर ती विश्वास ठेवणार नव्हती. आकडे बाबांकडेही होते.

मी हताश होऊन मान वर केली तेव्हा ते हिरवं कापड अगदी नाकासमोर होतं. आणि इतक्या जवळून मला दिसलं की नावांच्या रांगांमध्ये मधेच मोकळ्या जागा आहेत. मोकळ्या म्हणजे कोऱ्या नाहीत. तिथे सुईची बारीक भोकं होती, ओळीने, अक्षरांच्या वळणाने.

"ताई, हे काय आहे?"

"उसवलंय."

"कुणी?"

"मीच. हे कापड माझंच काम आहे. दर आठवड्याला बाई घरी आणून देतात… नवी नावं भरायची. काही उसवायची."

"का उसवायची?"

"त्यांचा विश्वास ढळला, म्हणून. बाई चिठ्ठी देतात."

"किती उसवलीस?"

"अकरा." शिवणारी माणसं टाके विसरत नाहीत. तिने बोटांवर मोजत सुरुवात केली. "रंगारी. शाळेतली आया. तो चष्म्याच्या दुकानातला. केस कापणाऱ्याचे वडील…"

मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. आई शप्पथ, एकही नाव मी उच्चारलं नाही. पण तिने मला लहानाचं मोठं केलं होतं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात आणि खरं लपवताना मी खाली बघतो, हे तिला चांगलं ठाऊक. पाचव्या नावाला ती थांबली. माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग एकेक नाव सावकाश घेऊ लागली, आणि दरवेळी मी खाली बघत होतो.

"हे सगळे," ती हळूच म्हणाली, "परत भरती झाले होते."

ती कापडाकडे वळली.

"विश्वास ढळला म्हणून नाही. परत गेले म्हणून. मग या कापडावर… परत गेलेलं कुणी दिसणारच कसं? मीच तर उसवत होते."

व्यवस्थापिकाबाई लगबगीने आली. "ताई, बोलून श्वास घालवू नका. बाबांवर शंका घ्यायची ही वेळ नाही."

"अकरावा बेकरीवाला," ताई तिच्याकडे न बघता म्हणाली. "त्याचं नाव उसवताना कापड फाटलं होतं. तो तरी आहे का रे? का गेला?"

बाबांनी घसा साफ केला. "जो गेला, त्याला आणावं लागलं. आपण त्याच्यासाठी—"

"मी इथंच आहे."

आवाज मागून, दाराजवळून आला. लोकांनी वळून बघितलं. मास्क नाकाच्या वरपर्यंत ओढलेला, टोपी खाली ओढलेला एक धिप्पाड माणूस भिंतीला चिकटून उभा होता. त्याने मास्क खाली केला. बेकरीवालाच होता, अर्धा झालेला, पण दोन पायांवर उभा.

"तुम्ही… परत दवाखान्यात गेला होतात ना?" पोस्टमनने विचारलं.

"अकरा दिवस. छातीत पुन्हा कफ भरला होता. गेलो, बरा झालो, चालत आलो." तो पुढे येत होता आणि गर्दी बाजूला होत होती. "नाव काढलं म्हणून तोंड दाखवायची चोरी झाली होती. बायको इथे येते, मी मागे उभा राहतो. वाटायचं, माझाच विश्वास कमी पडला."

"पडलाच होता!" बाबा पहिल्यांदा आवाज चढवून बोलले. "म्हणूनच तुला परत जावं लागलं!"

"बाबा, आठ दिवस मी तुमच्या फुंकरीवर काढले. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आला असतास तर एवढं झालं नसतं." त्याने टोपी काढली. "माझ्या शेजारच्या खाटेवर तो चष्मेवाला होता. तोही इथूनच आला होता. तो दहा दिवस थांबला होता."

पुढचं त्याने सांगितलं नाही.

बाबा काहीतरी बोलत होते, बसा, टेका, पण माणसं त्यांच्याकडे बघत नव्हती. माणसं कापडाकडे बघत होती. जी भोकं महिनोन्‌महिने कुणाला दिसली नव्हती, ती आता सगळ्यांना दिसत होती.

ताई उठली. मी धरायला गेलो तर हात झटकला. तिच्या गळ्यात दोरीला छोटी कात्री असते, चोवीस तास. कापडाच्या शेवटच्या रांगेतलं शेवटचं नाव तिचं स्वतःचं होतं, नऊ दिवसांपूर्वी दवाखान्यातून आल्या आल्या तिनेच भरलेलं. तिने कात्रीचं टोक पहिल्या अक्षराखाली घातलं. श्वास पुरत नव्हता, पण टाका असा सरळ सुटत होता की बघत राहावं. कच्, कच्, कच्. शेवटचा दोरा ओढून काढून तिने तो व्यवस्थापिकाबाईंच्या हातात ठेवला.

"माझं नाव उसवायला दुसरं कोण आणणार होतात?" तिने विचारलं. "शिवणारी तर मीच."

बाहेर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. बेकरीवाल्याने खुर्चीसकट तिला उचललं. दाराबाहेर नेताना मी "काही होणार नाही" म्हणालो, तर ती म्हणाली, "छोट्या, तुझे कान लाल झालेत," आणि मग तिला पुढे बोलता आलं नाही.

तिच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी जाऊन बसली होती. पोटरीत झाली, तिथून सुटली, वर गेली. करोनानंतर काही जणांना हे होतं, त्याचसाठी त्या गोळ्या होत्या. पहिले तीन दिवस डॉक्टर माझ्याशी बोलताना माझ्या खांद्यावर हात ठेवायचे, आणि मला तो हात नको वाटायचा. वहीत तिच्या नावापुढे लाल 'प' मीच लिहिला. सिस्टर म्हणाल्या, "मी लिहिते." मी म्हटलं, नको. ठणठणीत मी लिहिलं होतं, हेही मीच लिहिणार.

सोळाव्या दिवशी शेवटच्या रकान्यात मी 'घरी' लिहिलं. ती चालत आली. दुसऱ्यांदा.

दुकानाला आता कुलूप आहे. पण मला त्या कुलुपाचं फारसं कौतुक नाही. दुसरा कुणी दुसरी शाल घेऊन येईल. त्याच्याकडे वाडगा नसेल, दुसरं काही असेल. म्हणून बर्फाचं पाणी आणि शेकायची पिशवी लक्षात नाही राहिली तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा: कुणी तुम्हाला वाचलेल्यांची यादी दाखवली, तर उसवलेली नावं कुठे आहेत ते विचारा. सगळे मोजल्याशिवाय मोजणं होत नाही. आणि दवाखान्यातून घरी आलेल्या तुमच्या माणसाला पुन्हा धाप लागली, छातीत दुखलं, पाय सुजला, तर त्याच दिवशी परत न्या. परत जाणं म्हणजे हरणं नव्हे. उशीर तेवढा घात करतो.

ताईने नंतर ते हिरवं कापड मागवून घेतलं. अकरा घरी जाऊन परवानगी विचारून आली, जिने चढताना थांबत थांबत. मग शिवणयंत्र बाजूला ठेवून हाताने, त्याच जुन्या भोकांतून सुई घालत, अकराही नावं तिने पुन्हा भरली. घरी आलेले सात पांढऱ्या दोऱ्याने. न आलेले चार काळ्या दोऱ्याने. वरचे चार शब्द उसवून टाकले.

ते कापड आता आमच्या फोनच्या खोलीत, सिस्टरच्या खुर्चीमागे टांगलेलं आहे. शेवटच्या रांगेत बारावं नाव तिचं आहे, पांढरं. परवा सिस्टर तिसाव्या दिवसाचा फोन करत होत्या, मी शेजारी पेन घेऊन बसलो होतो.

"ताई, कशा आहात?"

"ठणठणीत," पलीकडून आवाज आला. आणि लगेच, "त्याला सांगा, नुसतं लिहू नकोस. घरी येऊन बघून जा."